रिकाम्या चौकटीची कीर्ती

संस्थेतलं सगळ्यात प्रसिद्ध चित्र म्हणजे एक राखाडी चौकोन होता आणि त्यात काहीही नव्हतं. हे हिणवायला म्हणत नाही. त्यात काही नव्हतं म्हणूनच तो प्रसिद्ध होता. दर शनिवारी शाळांच्या सहली यायच्या, गाइड पोरांना त्याच्यासमोर ओळीनं उभं करायचा आणि विचारायचा, ‘नीट बघा, काय दिसतंय?’ पोरं म्हणायची, ‘काही नाही.’ गाइड म्हणायचा, ‘शाब्बास.’ मग सगळे कॅन्टीनकडे पळायचे.

ह्या काहीनाहीचे जनक म्हणजे मोठे सर. प्रकरण असं की, सूर्याच्या वीस-तीस पट जड तारा मरतो तेव्हा गुपचूप मरत नाही. त्याचा गाभा स्वतःतच कोसळतो, कृष्णविवर होतं, आणि दोन्ही टोकांनी गॅमा किरणांचे झोत सुटतात. त्यातला एक आपल्याकडे रोखलेला असला, तर वर फिरणाऱ्या उपग्रहांना काही सेकंद झळाळी दिसते आणि जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांचे फोन एकदम वाजायला लागतात. हा झाला गॅमा किरणांचा स्फोट. त्याची धग काही दिवस रेंगाळून विझत जाते. ती विझत आली, की साधारण पंधरवड्यानं त्याच जागी दुसरा उजेड वर येतो, कारण ताऱ्याच्या उरलेल्या देहाच्या चिंधड्या उडालेल्या असतात आणि त्या तापून चमकत असतात. तो सुपरनोव्हा. आधी किंकाळी, मग भडका, मयत मात्र एकच. हे सिद्ध करता करता एका पिढीचे केस पिकले.

आणि केस पिकवून ती पिढी जरा टेकते न टेकते, तोच मोठ्या सरांनी अकरा वर्षांपूर्वी जाहीर केलं की, एक स्फोट असा आहे ज्याच्यामागून सुपरनोव्हा आलाच नाही. तारा अख्खाच्या अख्खा कृष्णविवरात गेला, मागे चिंधीसुद्धा उरली नाही. ‘गिळला आणि ढेकरही दिली नाही,’ असं सर प्रत्येक भाषणात म्हणत, आणि दर वेळी आत्ताच सुचल्यासारखे थांबून हसत. ‘कोरडा स्फोट’ हे नावही त्यांचंच. त्या पंधरवड्यात बाकीच्या दुर्बिणींवर ढग तरी होते किंवा त्यांचं लक्ष तरी दुसरीकडे होतं. त्यामुळे पुरावा एकच, तो राखाडी चौकोन.

चौकोन तयार केला होता वजाबाकीबाईंनी. दूरच्या दीर्घिकेत फुटलेला तारा बघायचा, तर दीर्घिकेचा स्वतःचा उजेड मधे मधे करतो. म्हणून दोन फोटो घ्यायचे. एक, तमाशा चालू असताना. दुसरा, सगळं विझल्यावर, सहा महिने-वर्षभरानं, म्हणजे त्यात नुसती दीर्घिका. ह्या दुसऱ्या फोटोला बाईंच्या खोलीत ‘कोरी पाटी’ म्हणत. पहिल्यातून कोरी पाटी वजा केली, की उरतो तो फुटलेला तारा. काही उरलं नाही, तर काही फुटलं नाही. अठरा वर्षं बाई हेच करत आल्या होत्या, म्हणून शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना वजाबाकीबाई म्हणत, आणि त्याही त्या नावाला ओ देत.

सरांच्या त्या शोधनिबंधावर नऊ जणांची नावं होती. त्यातल्या दोघांनी दुर्बीण फक्त कॅलेंडरवर पाहिली होती. शेवटच्या पानावर आभार होते, त्यात ग्रंथपालांच्या नंतर आणि जीपच्या ड्रायव्हरच्या आधी ‘प्रतिमा विभागाचे सहकार्य’ एवढं छापलं होतं. प्रतिमा विभागात बाई एकट्याच होत्या. ह्याचं त्यांना वाईट वाटायचं. बोलून दाखवत नसत, पण वाटायचं. त्यावर त्यांनी स्वतःची एक समजूत घालून घेतली होती, की नाव नसलं तरी लौकिक आहे, बाईंची वजाबाकी चुकत नाही असं सगळे म्हणतात, आणि तेवढं पुरे.

तर मोठे सर शुक्रवारी निवृत्त होणार होते. संचालकांच्या डोक्यात आलं, की निरोपाच्या भाषणाच्या वेळी ती चौकट दोन मीटर रुंद छापून दर्शनी भिंतीवर लावायची, खाली नऊ नावं, वर पडदा, पडद्याला दोरी. जुनी फाइल तळहाताएवढी होती, ताणली की फाटकी दिसायची. म्हणून बाईंनी मूळ फोटो काढून वजाबाकी नव्यानं करायला घेतली. मधल्या काळात एका मोठ्या दुर्बिणीनं सगळ्या आकाशाची मोजदाद केली होती, त्यात ही दीर्घिकाही आली होती, आणि तो फोटो जुन्या कोऱ्या पाटीपेक्षा कितीतरी स्वच्छ होता. तेवढाच टापटीपपणा, म्हणून बाईंनी पाटी म्हणून तोच वापरला. टापटीपपणाच नडला.

मंगळवारी सकाळी साडेअकराला चौकट तयार झाली आणि तिच्यात ठिपका होता. अगदी मधोमध नाही, जरा डावीकडे, पांढरा. बाईंनी आधी स्क्रीन बाहीनं पुसली. मग स्फोटानंतरच्या पंधराव्या रात्रीचे सहाही फोटो वेगवेगळे वजा करून पाहिले, सहाही वेळा ठिपका त्याच जागी. धूळ इतकी शिस्तीची नसते. मग त्यांनी जे करायला नको असं त्यांना वाटत होतं तेच केलं. स्वतःची जुनी कोरी पाटी घेतली आणि तिच्यातून नवी वजा केली. तिथेही ठिपका. कोऱ्या पाटीवर काहीतरी लिहिलेलं होतं आणि ते अकरा वर्षं कुणी वाचलं नव्हतं.

बाई उठल्या. त्यांनी कपाटातून निरीक्षणाची वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही, अक्षर त्यांचंच होतं. ‘कोरी पाटी घेतली. स्फोटापासून दिवस अठरावा. तात्पुरती. उद्या आरसा मुलाम्याला जाणार.’

म्हणजे झालं होतं असं. दुर्बिणीचा आरसा काळवंडला की त्याला ॲल्युमिनियमचा नवा मुलामा चढवतात, त्यात महिने जातात. त्या वर्षी आरसा ऐन स्फोटाच्या महिन्यातच उतरवायचा होता. आपल्याकडे काहीच पाटी नको राहायला, म्हणून बाईंनी हुशारीनं आदल्या रात्री एक घेऊन ठेवली. आरसा परत आला की खरी घ्यायची. मधे त्यांच्या वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं, बाई दोन महिने रजेवर गेल्या, त्या परत येईपर्यंत निबंध छापूनही आला होता आणि सरांशी हस्तांदोलन करायला रांग लागली होती. ‘तात्पुरती’ हा शब्द वहीतच राहिला. कोणत्याही कचेरीत तात्पुरत्याला एकदा खुर्ची मिळाली की तो उठत नाही, आकाश त्याला अपवाद नाही. पंधराव्या दिवशी सुपरनोव्हा भरात होता आणि अठराव्या दिवशीही तेवढाच भरात होता. बाईंनी सुपरनोव्ह्यातून सुपरनोव्हा वजा केला होता. शून्य येणारच, पहिलीतल्या पोरालाही आलं असतं.

परत आल्यावर आपल्याला ते आठवलं कसं नाही, की आठवून घ्यायचंच नव्हतं, हे बाईंनी स्वतःला विचारलं आणि उत्तर यायच्या आत वही मिटली.

त्या दिवशी संध्याकाळी जेवताना त्यांनी वडिलांना सांगितलं. बाबा चाळीस वर्षं शिंपी होते. आता बाल्कनीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कपड्यांना नावं ठेवायचे. कानानं कमी, त्यामुळे घरातली कुठलीही गोष्ट दोनदा आणि मोठ्यानं सांगावी लागायची. दीर्घिका वगैरे वगळून बाईंनी एवढंच सांगितलं, की तात्पुरतं म्हणून केलेलं काम तसंच राहिलं आणि लोक ते पक्कं समजून वापरतायत.

‘म्हणजे कच्ची शिलाई राहिली,’ बाबा म्हणाले. ‘गिऱ्हाईक कोट घालून गेलं का?’

‘अकरा वर्षं घालून फिरतायत, बाबा. शुक्रवारी त्याच कोटात सत्कार आहे.’

बाबा हसले. हसून झाल्यावर त्यांनी ताट जरा पुढे सरकवलं. ‘माझ्या हातून एकदा राहिली होती. नवरदेवाचा कोट. बाही नुसत्या दोऱ्यावर टाचलेली. मला लग्नात बसल्या बसल्या आठवलं. म्हटलं, जाऊ दे, कोण बघतंय. तो नाचायला उठला आणि बाही त्याच्या मेहुण्याच्या हातात आली.’

‘मग तुम्ही काय सांगितलंत?’

‘कापड वाईट होतं म्हणून सांगितलं.’ बाबा पाणी प्यायले. ‘तो माणूस अजून दिसतो बाजारात. मी रस्ता बदलतो. तो बिचारा कधीच विसरलाय, मेहुणापण मेला. मीच आपला ह्या वयात काठी टेकत पलीकडे जातो.’

बाईंना ह्यातून धीर येईल असं वाटलं होतं. आला नाही. रात्रभर त्यांना एकच दिसत राहिलं, की उद्यापासून लोक म्हणणार, बाईंची वजाबाकी चुकते. अठरा वर्षांत जमवलेलं तेवढंच होतं, आणि तेही जाणार.

बुधवारी त्या सरांच्या खोलीत गेल्या तेव्हा सर पुस्तकं खोक्यांत भरत होते. बाईंनी लॅपटॉप टेबलावर ठेवला. सरांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, ‘घाण आली आहे चौकटीत.’

‘घाण नाही, सर. सुपरनोव्हा आहे.’

पुढचा तासभर सरांनी सगळ्यांवर संशय घेतला. नव्या दुर्बिणीवर, सॉफ्टवेअरवर, बाईंच्या चष्म्याच्या नंबरवर, एकदा तर दीर्घिकेवर. बाईंनी प्रत्येक वेळी पुन्हा वजाबाकी करून दाखवली आणि प्रत्येक वेळी ठिपका तिथेच. शेवटी त्यांनी वही उघडून ते पान समोर धरलं. सरांनी ते दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा उतरला आणि ते एका खोक्यावर बसले. बाईंना वाटलं आता ओरडतील, ओरडले असते तर बरं झालं असतं.

‘अकरा वर्षं,’ सर म्हणाले. ‘देशोदेशी जाऊन मी सांगितलं, की इथे काही नाही.’

‘माझ्यामुळे, सर.’

‘तुमच्यामुळेच,’ सर म्हणाले. नाही म्हणण्याची माणुसकी त्यांनी दाखवली नाही.

नऊ लेखकांपैकी एकानंही वही उघडून बघितली नव्हती, हे बाईंच्या ओठावर आलं. त्यांनी ते गिळलं. मग वाटलं, का गिळायचं? ‘वही कपाटातच होती, सर,’ त्या म्हणाल्या. ‘कपाटाला कुलूप नाही.’

सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, ‘कोणाकोणाला माहीत आहे?’

‘मला, तुम्हाला आणि माझ्या बाबांना.’

‘ते बोलतील कुठे?’

‘त्यांना कमी ऐकू येतं. ते जे बोलतात ते गल्लीला कळतं.’

सरांनी डोळे मिटले. ‘हे बघा बाई, शुक्रवार तेवढा जाऊ दे. सोमवारी मी दुरुस्तीचं पत्र पाठवतो. छोटंसं, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही असं. आत्ता फक्त तो ठिपका काढून छापायला द्या. तुम्हाला काय, एका क्लिकचं काम.’

बाईंनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. ‘एकदा माझ्या हातून न कळत वजा झालाय. आता कळून सवरून नाही करणार. तुम्हाला काढायचा असेल तर माउस इथे आहे.’

सरांनी खरंच माउस हातात घेतला. ठिपका नेमका काढायचा म्हणून चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. आणि तिथेच त्यांचं बिनसलं, कारण इतका मोठा केल्यावर तो ठिपका राहिला नाही, सुपरनोव्हा झाला, आणि सुपरनोव्हा दिसल्यावर गप्प बसणं सरांना जन्मात जमलं नव्हतं.

‘बाराव्या दिवसाचं काही आहे का?’

‘पातळ ढग होते म्हणून टाकून दिले होते. काल काढले. ठिपका अर्धाच आहे.’

‘म्हणजे शिखर सोळा-सतराव्या दिवशी.’ सर खोक्यावरून पुढे सरकले. ‘पंधरावा चढावरचा, अठरावा उतारावरचा, दोघं अगदी बरोबरीचे. अहो, एक दिवस इकडे-तिकडे झाला असता तरी काहीतरी उरलं असतं. काय नशीब आहे.’ आणि ते चक्क हसले. ‘मंद आहे हो. इतका मंद मी कधी पाहिला नाही. मागे गॅमाचा एवढा गलका करून हा असा हळू आवाजात आलाय. का? सगळा जोर झोतातच गेला की काय?’

जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी ते हातातल्या पेन्सिलीनं खोक्यावर आकडे लिहीत होते. बाईंना त्यांचा राग येत होता आणि त्याच वेळी ते आवडतही होते. सरांचं हे नेहमीचंच होतं.

‘छापा तसाच,’ शेवटी सर म्हणाले. ‘ठिपक्यासकट. मी भाषणात सांगतो. आणि दुरुस्तीच्या निबंधावर पहिलं नाव तुमचं.’

‘शोध होता तेव्हा मी आभारात होते,’ बाई म्हणाल्या. ‘चूक निघाल्यावर पहिलं नाव होय?’

सर पुस्तकं भरायला लागले.

गुरुवारी बाईंनी फाइल छपाईवाल्याकडे पाठवली. तासाभरात त्याचा फोन आला, की अगदी स्वच्छ छापून देतो, काळजी करू नका. बाईंनी केली नाही.

शुक्रवारी चार वाजता सभागृह भरलं होतं. बाबा आपण शिवलेला कोट घालून आले होते आणि पहिल्या रांगेत, संचालकांच्या शेजारच्या राखीव खुर्चीवर जाऊन बसले होते. उठा असं खुणेनं सांगितलेलं त्यांना कळलं नाही. संचालकांनी दोरी ओढली. पडदा सरकला. दोन मीटरचा राखाडी चौकोन, खाली नऊ नावं, आणि चौकोनात काहीही नाही.

बाईंनी आधी डोळे बारीक केले, मग मागे वळून बघितलं. दाराशी छपाईवाला उभा होता. त्यानं खुशीत हात हलवला आणि जवळ येऊन कानात सांगितलं, ‘मधे एक डाग आला होता, बाई. आम्ही काढला. त्याचे वेगळे लावले नाहीत.’

सरांनीही चौकोन बघितला होता. ते माइकसमोर उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते बाईंना तिसऱ्या रांगेतून स्वच्छ दिसत होतं. सुटकेची वाट आपण होऊन चालत आली होती. त्यांनी कागद उलटले, घसा साफ केला आणि सुरुवात केली. ‘मित्रहो, ह्या चौकटीत काहीही नाही.’ टाळ्या पडल्या. ‘तारा गिळला, आणि ढेकरही दिली नाही.’ सर थांबून हसले. लोकही हसले.

बाईंना राग आला. इतका, की भीती कुठे गेली ते कळलंच नाही. त्या उठल्या, बाहेर स्वागतकक्षात गेल्या आणि टेबलावरच्या मुलीकडे व्हाइटनर मागितला. ‘परत द्याल ना, बाई?’ तिनं विचारलं. देते म्हणाल्या.

आत येऊन त्या सरळ भिंतीशी गेल्या. भाषण चालू होतं. बाईंनी चौकटीच्या मध्यावर अंगठा टेकला आणि डावीकडे एक वीत मोजली, मग चार बोटं, मग वर दोन बोटं. नको तिथे ठिपका देणं हे नसलेल्याहून वाईट, एवढी अक्कल त्या रागातही शाबूत होती. मोजणी पुन्हा एकदा केली. मग व्हाइटनर हलवला, टोपण काढलं आणि ठिपका दिला. सरांचं वाक्य अर्धवट राहिलं.

‘इथे सुपरनोव्हा होता,’ बाई वळून म्हणाल्या. ‘कोरी पाटी मी अठराव्या दिवशी घेतली, तेव्हा तो पेटलेलाच होता. मी त्याच्यातून त्यालाच वजा केलं. स्फोट कोरडा नव्हता. चूक माझी आहे.’

सगळ्यांनी सरांकडे बघितलं. सरांनी हातातले कागद खाली ठेवले. ‘खरं आहे,’ ते म्हणाले. ‘मला बुधवारपासून माहीत आहे. आत्ता मी... माझी जीभ जुन्याच रस्त्यानं गेली.’

मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, ‘मग सुपरनोव्हा सापडला कोणाला?’

‘मलाच,’ बाई म्हणाल्या. ‘हरवला माझ्याकडून, सापडलाही मला.’

‘काय म्हणाली ती?’ बाबांनी शेजारी विचारलं. संचालक त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटले. बाबांनी हाताचा द्रोण करून कानामागे धरला. संचालकांनी इकडेतिकडे बघितलं, पण दुसरा इलाज नव्हता. ‘चूक त्यांची,’ ते मोठ्यानं म्हणाले, ‘आणि शोधही त्यांचाच.’

‘मग लिहा की तसं खाली,’ बाबा म्हणाले.

सर व्यासपीठावरून उतरले. खिशातलं पेन काढून ते भिंतीशी आले आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकले. नऊ नावांच्या वर, स्वतःच्या नावाच्याही वर, बोटभर पांढरी पट्टी मोकळी होती. सरांनी तिथे पेन टेकवलं. टेकवलेलंच राहिलं. मग त्यांनी मान वळवून बाईंकडे बघितलं, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या बाईंना दिसल्या.

‘बाई,’ ते अगदी हळू म्हणाले, ‘तुमचं पूर्ण नाव काय?’